गाडीवरचं ‘जय भीम’ आणि दहा हजारांचा हिशोब

जुन्या गाडीचा भाव कशावर ठरतो, असं कुठल्याही दलालाला विचारा. तो बोटांवर मोजून सांगेल: मॉडेल कोणत्या सालचं, किलोमीटर किती, मालक पहिला की दुसरा, इन्शुरन्स चालू की बंद, कुठे ठोकली आहे का. आमच्या चिपळूण-गुहागर भागात यात एक भर पडते. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या पुरात गाडी होती का, हा प्रश्न आता प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. ही सगळी उघड कलमं झाली. एक कलम उघड नसतं. ते मला गेल्या नोव्हेंबरात चिपळूणच्या एका गाडीबाजारात ऐकायला मिळालं.

“दादा, गाडी ए-वन ठेवलीय तुम्ही. फक्त मागचं ते तेवढं काढून टाका. दहा हजार जास्त येतील.”

मागचं ते म्हणजे मागच्या दरवाज्याच्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं ‘जय भीम’. त्याच्या वर काचेच्या कोपऱ्यात अशोकचक्र. आणि पुढे डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो. तो माणूस काही वाईट बोलला नाही. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. मॅट बदला, बॅटरी बदला म्हणावं त्याच सुरात तो हे बोलला. मला चहाही पाजला. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. शिवी दिली असती तर तिला उत्तर द्यायची आपल्याला सवय आहे. सल्ल्याला काय उत्तर द्यायचं?

आधी गाडीबद्दल सांगतो. मारुतीची ओम्नी, चंदेरी रंगाची. वडिलांची मुंबईतली नोकरी संपली, फंडाचे पैसे हातात आले आणि मे 2007 मध्ये त्यांनी ही नवी कोरी घेतली. नातेवाइकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. घराचं छप्पर गळतंय आणि हा गाडी घेतोय! वडील म्हणायचे, रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर तुमचं छप्पर त्याला चिपळूणला नेणार आहे काय? वेळणेश्वरला ज्यांनी येऊन पाहिलं असेल ते समुद्रकिनारा आणि शंकराचं देऊळ पाहून गेले असतील. राहणाऱ्याचं वेळणेश्वर वेगळं आहे. खाली समुद्र, वर चढ, चढ संपला की जांभ्याचा सडा, आणि बाजार म्हणावा तर शृंगारतळी. संध्याकाळची एसटी चुकली की माणूस अडकला.

ज्यांनी ओम्नी चालवलेली नाही त्यांना सांगतो. तिचं 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. मे महिन्यात चढ चढताना ड्रायव्हरची बैठक तव्यासारखी तापते. पुढे नाक नसल्यामुळे समोरून धडक बसली तर पहिला मार ड्रायव्हरच्या गुडघ्यांना. कंपनीने 2019 मध्ये ती बनवणं बंद केलं, ते सुरक्षिततेच्या दृष्टीने बरंच झालं. पण दोन्ही बाजूंचे सरकते दरवाजे आणि सपाट तळ यामुळे तिच्यात काय मावत नाही ते विचारा. सतरंज्या, भोंगा, पंचशील ध्वजाच्या काठ्या, बुंदीचं पातेलं, आणि त्यावर पाच जणांच्या गाडीत नऊ माणसं.

दर 20 मार्चला ती महाडला जायची, चवदार तळ्यावर. 25 डिसेंबरला पुन्हा महाड, मनुस्मृती दहनाच्या दिवशी. त्या फेरीला बायकाच जास्त. परशुराम घाट, खेड, कशेडी, पोलादपूर हा रस्ता तिला पाठ झाला होता. एका एप्रिलात वाडीतल्या सात म्हाताऱ्या बायांना घेऊन वडील धोपाव्याच्या फेरीबोटीने पलीकडे दाभोळला उतरले, तिथून दापोलीजवळ रमाईच्या माहेरी वणंदला, आणि पुढे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांच्या मूळ गावी आंबडव्याला. त्यातल्या चार जणींनी फेरीबोट पहिल्यांदाच पाहिली. रत्नागिरी जिल्ह्यात जन्म काढून रमाईचं गाव बघायला त्यांना साठी ओलांडावी लागली होती, आणि तेही आपल्या वाडीत गाडी आली म्हणून.

रात्रीच्या फेऱ्यांची मोजदाद नाही. आमच्याच वाडीच्या नव्हेत, शेजारच्या वाड्यांच्याही. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या दोघींना त्या गाडीने चिपळूणपर्यंत नेलं, त्यातली एक कुणबीवाडीतली. त्या रात्री गाडीच्या मागे काय लिहिलंय याची कुणी चौकशी केली नव्हती. मी उपकार मोजत नाही. फक्त एवढंच नोंदवतो की गाडीत बसताना ती अक्षरं कुणाला अडली नाहीत, ती अडली गाडी विकत घेताना.

कुणी म्हणेल, एका जुनाट व्हॅनवर एवढा जीव कशाला? आम्ही वस्तूची पूजा करणारी माणसं नाही. त्या गाडीला दसऱ्याला कधी हार पडला नाही, लिंबू-मिरची लागली नाही. दसऱ्याला ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत असायची. पण कोकणात आपल्या माणसाच्या नावावर काय असतं, याचा इतिहास विसरून चालणार नाही. इथे जमीन खोताची होती. कुळाने राबायचं आणि खोताने न्यायचं. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती संपवणारा कायदा व्हायला 1949 उजाडलं. कुळांची ही गोष्ट. आणि आमचे पणजे-खापरपणजे तर धड कूळही नव्हते. गावकीच्या कामाला बांधलेले, सरकारी निरोप घेऊन या गावाहून त्या गावाला पायी धावणारे. त्या घरात मालक म्हणून सरकारी शिक्क्यानिशी ज्या वस्तूच्या कागदावर नाव लागलं ती पहिली वस्तू ही गाडी. सातबारा नंतर आला. वडिलांनी आरसी बुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवलं होतं. त्याचं कारण हे आहे.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. वारस म्हणून फॉर्म 31 भरून गाडी माझ्या नावावर करून घेतली. मी नोकरीनिमित्त बाहेर असतो, गाडी वर्षातले दहा महिने उभी. समुद्राकाठी उभी गाडी म्हणजे गंजाला आवतण. आईनेच सांगितलं, सडण्याआधी कुणाच्या तरी कामाला येऊ दे.

विकायची म्हणून तिची तयारी करायला घेतली तेव्हा अठरा वर्षं एकेक करून बाहेर पडायला लागली. सरकत्या दरवाज्याच्या पट्टीत ग्रीसमध्ये कालवलेली वाळू होती, टूथब्रशने खरवडून काढली. सीटखाली नाणी, एक कानातलं, महाडच्या कार्यक्रमाचा चुरगळलेला कागद, आणि कुठल्याशा पोराची सहावीची मार्कशीट सापडली. खाऱ्या हवेने मागच्या चाकाच्या वरचा पत्रा आतून खाल्ला होता. वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की भोक. शृंगारतळीला वेल्डिंगवाल्याकडे तुकडा मारून घेतला. त्याने सांगितलं, वरून पुट्टी भरून रंग मारला तर गिऱ्हाइकाला कळणार नाही. मी तो तुकडा उघडा दिसेल असाच ठेवायला सांगितला. विकत घेणारा उद्या त्यात आपली माणसं बसवणार आहे, त्याला जोड कुठे आहे ते कळायला हवं.

पुराचा संशय फेडायला कार्पेट उचलून फोटो काढले. सध्या आमच्या भागातला जाणता गिऱ्हाईक गाडीत डोकं घालून आधी वास घेतो, मग सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघतो. ही युक्ती लक्षात ठेवा, कामाला येईल. पट्टा धुतला तरी गुंडाळीच्या आतला डाग राहतो.

कागदांचं म्हणाल तर पंधरा वर्षं झाल्यावर 2022 मध्ये नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून ती फी 600 वरून 5,000 झाली आणि आमची मुदत संपली मे महिन्यात. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना नव्या नंबरप्लेटा सक्तीच्या झाल्या, त्याचे 745 रुपये आणि वर जीएसटी. पीयूसी, इन्शुरन्स, सगळं चालू. थोडक्यात, गाडीत कुठलं कलम कच्चं ठेवलं नव्हतं.

तरीही दहा हजार कमी. पंचावन्न जशी आहे तशी, पासष्ट ‘ते’ काढून.

मी त्या दलालाला विचारलं, तुमच्या आवारात आत्ता वीसेक गाड्या उभ्या आहेत. त्या पलीकडच्या गाडीवर ‘श्री स्वामी समर्थ’ आहे, त्या पांढरीवर गणपती, त्या जीपवर वाघाचा जबडा आणि खाली भगव्या अक्षरांत घोषणा. त्यांना किती कमी देता?

तो हसला. “ते सगळ्यांना चालतं ओ.”

या वाक्यावर थांबायला हवं. ‘सगळ्यांना’ या शब्दात आपण धरलेलो नाही. माझ्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. मला गणपतीचं चित्र असलेली गाडी घ्यायची झाली तर ते चित्र काढायला मलाच खर्च करावा लागेल. पण मी गिऱ्हाईक म्हणून त्याच्या हिशोबात नाहीच. त्याच्या लेखी ‘सगळे’ म्हणजे ज्यांना आपलं चिन्ह खटकतं ते. एका बाजूचं चिन्ह म्हणजे सजावट, दुसऱ्या बाजूचं चिन्ह म्हणजे खोट. गंज लागलेल्या पत्र्याची किंमत त्याने तीन हजार धरली होती आणि ‘जय भीम’ची दहा!

आपल्यातलेच काही मित्र यावर म्हणतील की दलालाचा काय दोष, तो फक्त बाजार सांगतो. कुठल्याही पक्षाचं, पंथाचं स्टिकर विकताना काढतातच. यातला अर्धा भाग खरा आहे. दलालाला माझ्याविषयी काही आकस नव्हता. पण हाच तर मुद्दा आहे. बाजाराला जात नसते, तो फक्त पैसा ओळखतो, असं आपल्याला अलीकडे फार ऐकवलं जातं. धंद्यात उतरा, पैसा कमवा, जात आपोआप गळून पडेल म्हणतात. धंद्यात उतरायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण बाजार माणसांचा बनलेला असतो, आणि माणसं बाजारात येताना जात दाराशी काढून ठेवत नाहीत. दलालाच्या मनात द्वेष असण्याची गरजच नाही. गिऱ्हाइकाच्या मनातला द्वेष त्याने आकड्यात मांडला की काम झालं.

आणि वाहनाच्या बाबतीत हा आकडा नवा नाही. ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या आठवणींत बाबासाहेबांनी 1901 चा प्रसंग लिहिला आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ती मुलं मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले बाहेर उभे होते, गाड्या रिकाम्या होत्या, पण महाराच्या पोरांना घेऊन जायला कुणी तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा: भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची. म्हणजे जातीचा भाव तेव्हा शंभर टक्के जास्त होता. घेताना दुप्पट मोजा. मला विकताना साठच्या आसपासच्या मालावर दहा कमी घ्यायला सांगितले. सव्वाशे वर्षांत टक्का खाली आला, हे मान्य करू. कलम मात्र बिलात शाबूत आहे.

दुसरा प्रसंग 1929 चा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता. टांगेवाल्याने भाड्याने टांगा दिला पण लगाम हातात घ्यायला तो तयार नव्हता. महाराला बसवून हाकणं त्याच्या इभ्रतीला कमी होतं. मग आपल्यातल्याच एकाने लगाम धरला, त्याला टांग्याचा सराव नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हा प्रसंग आपण भाषणांत नेहमी सांगतो, पण त्यातला व्यवहार नीट पाहत नाही. टांगेवाल्याने पैसे नाकारलेले नाहीत. घोडा दिला, टांगा दिला, भाडं घेतलं. नाकारलं ते फक्त नातं: तुम्ही बसलेले आणि मी हाकणारा, हे नातं. माझ्या दलालालाही माझी गाडी नको नव्हती. गाडी हवी होती, ती कुणाची होती ही खूण नको होती.

आता याच्या पुढचा भाग. मी ठरवलं, दलाल नको, आपणच विकू. फोटो काढले, अक्षरांसकट, आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. पहिल्या आठवड्यात पाच फोन आले. किलोमीटर विचारले, पूर विचारला. त्यातल्या दोघांनी गाव विचारलं. वेळणेश्वर म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, “वाडी कोणती?”

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे आडनावावरून जात कळेलच असं नसतं. जाधव, पवार, कदम, मोहिते ही आडनावं आमच्यातही आहेत आणि मराठ्यांतही. म्हणून इथे आडनाव विचारून भागत नाही, वाडी विचारावी लागते. वाडी कळली की सगळं कळलं. गाडीच्या कागदावर जात नसते असं म्हणतात. आमच्या आरसीवर ती पत्त्याच्या ओळीत छापलेली आहे: बौद्धवाडी.

राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. महारवाडा हे नाव जायलाच हवं होतं. पण ‘बौद्धवाडी’ त्याच रांगेत बसवणं मला पटलेलं नाही. महारवाडा हे नाव आपल्याला दिलेलं होतं. बौद्धवाडी हे 1956 नंतर आपल्या माणसांनी स्वतः घेतलेलं नाव आहे, बापजाद्यांचा उकिरडा मागे टाकून. शिवाय समतानगर केलं म्हणून वाडी विचारणारा गप्प बसेल असं थोडंच आहे? तो दोन महिन्यांत समतानगरचा अर्थ शिकेल.

तर मी सांगितलं, बौद्धवाडी. एकाने “बरं, घरी विचारून कळवतो” म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने रविवारी येतो म्हटलं. दोघांचाही फोन पुन्हा आला नाही.

ते जातीमुळेच आले नाहीत हे मला सिद्ध करता येणार नाही. घरच्यांनी खरंच नको म्हटलं असेल, दुसरी गाडी मिळाली असेल. या भेदभावाची गोम हीच आहे. प्रत्येक सुट्या घटनेला साधं कारण देता येतं. म्हणून तर सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची पद्धत आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा: एक सवर्ण वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीला बोलावणं येण्याची दलित नावाची संधी सवर्ण नावाच्या तुलनेत 0.67 पट निघाली. तिथेही कुठल्या एका कंपनीने ‘जातीमुळे नाकारलं’ असं कबूल केलेलं नव्हतं. शेकडो अर्ज शेजारी शेजारी ठेवल्यावर ते दिसलं.

हे आपल्याला गाडीच्या बाबतीत करता येईल. ज्यांच्याकडे जुनी दुचाकी, चारचाकी विकायला आहे त्यांनी एकाच गाडीच्या दोन जाहिराती टाकाव्यात. एकीत मागचं ‘जय भीम’ दिसेल असे फोटो, दुसरीत तोच कोन टाळलेला. किंमत तीच. पंधरा दिवसांत कुठे किती फोन आले, कुणी काय विचारलं, किती भाव सांगितला याची वहीत नोंद करा. दहा जिल्ह्यांतून पन्नास वह्या जमा झाल्या तर भाषणात ठोकायला नव्हे, समोर टाकायला काहीतरी हातात येईल. माझ्या एका गाडीवरून मी बाजारावर निकाल देत नाही. पण तपासण्यासारखं इथे आहे, एवढं नक्की.

दरम्यान वाडीत वेगळाच वाद पेटला होता. अक्षरं काढायची की नाही?

पोरांचं म्हणणं एकच, अजिबात काढायची नाहीत. “काढली म्हणजे आपण लपलो. पंचावन्न तर पंचावन्न.” त्यांचा आवेश मला आवडला. पैसे माझे जाणार होते ही गोष्ट वेगळी. मीही जवळपास त्याच मताचा होतो. पण संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसलेल्या शेजारच्या आजीने, जी त्या आंबडव्याच्या फेरीत होती, भलताच प्रश्न टाकला. “बाबासायबांचा फोटू इकायचा असतो काय रं? उद्या त्या गाडीत कोन दारू पिऊन बसंल, कोन बकरं भरंल. गाडी इक. आपलं आपल्या घरात घे.”

पोरं गप्प झाली. कारण हा मुद्दा दलालाच्या मुद्द्याच्या बरोबर उलट होता आणि करायला सांगत होता तेच. दलाल म्हणत होता, तुमची खूण काढा म्हणजे माल शुद्ध होईल. आजी म्हणत होती, माल विका, पण खूण विकायची नाही. अक्षरं उतरवायची हे कृत्य एकच, पण ते दहा हजारांसाठी करणं आणि दहा हजारांचा विषय बाजूला ठेवून करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोरांतला एक जण तरीही अडून बसला. त्याचं म्हणणं, बघणाऱ्याला बाहेरून हा फरक दिसणार नाही, त्याला वाटणार की हे घाबरले. त्याचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. मी त्यातून काढलेली वाट अशी: विकण्याआधी काढायची नाहीत. गिऱ्हाइकाने अक्षरांसकट गाडी बघायची, अक्षरांसकट भाव ठरवायचा, व्यवहार पक्का झाला की आम्ही आमच्या हाताने काढून घेणार. अक्षरं बघून ज्याचा भाव पडतो त्याला गाडी द्यायचीच नाही.

यात तीन आठवडे गेले. गिऱ्हाईक मिळालं ते किनाऱ्यावरच्याच एका गावातलं, खारवी समाजातला, मासळीचा धंदा करणारा. त्याला ओम्नीच हवी होती, बर्फाच्या पेट्या आत सरकवायला सोपी म्हणून. आला, गाडीभोवती एक फेरी मारली, मागे उभा राहिला आणि वाचलं. मी वाट बघत होतो. त्याने मान हलवली आणि सरळ गाडीखाली शिरला. तळाचा पत्रा बुक्कीने वाजवत गेला, जोड दिला होता तिथे थांबला. “ह्या कदी मारलंव?” मी सांगितलं, महिना झाला. “बरा केलंव. बर्फाचा पानी पडला की आदी हितंच खातंय.” त्याने त्या पत्र्याचेच पाच हजार तोडायला लावले. मी पासष्ट सांगितले होते, साठला सौदा झाला. वाडी त्याने विचारली नाही; टोकन द्यायला आमच्या ओट्यावर येऊन बसला, पाणी प्याला, आईने केलेला चहा प्याला.

एका माणसावरून बाजार सुधारला असं मी म्हणणार नाही. त्या माणसाला मासे पोचवायचे होते आणि त्याला पत्रा कळत होता, इतकंच.

व्यवहाराच्या आदल्या संध्याकाळी अक्षरं काढायला बसलो. डॅशबोर्डवरचा फोटो आणि काचेवरचं चक्र लगेच निघालं. (जाता जाता: मागची अख्खी काच व्यापणारे फोटो आपली पोरं लावतात, त्याने मागची वाहनं दिसत नाहीत. श्रद्धा कोपऱ्यातही मावते.) पत्र्यावरची अक्षरं मात्र सोडेनात. घासलेटचं फडकं भिजवून ठेवलं, नखाने कड उचलली, एकेक अक्षर सोलून काढलं. अठरा उन्हाळ्यांत चंदेरी रंग फिका पडला होता, अक्षरांच्या खालचा पत्रा मात्र 2007 सालचा राहिला होता. निळं निघालं आणि त्याच जागी चकचकीत चंदेरीत ‘जय भीम’ उमटलेलं. पॉलिश मारून पाहिलं, आणखीच उठून दिसायला लागलं. मघाचा अडून बसलेला पोरगा हसून लोळायचा बाकी होता. अख्खा दरवाजा रंगवला तर जाईल, असं रंगवाला म्हणाला. गिऱ्हाइकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, मला मासे भरायचे आहेत, दरवाजा बघत बसायचं नाही. तो विषय तिथे संपला.

शेवटी कागदांचं सांगतो, कारण यात आपली मुलं फार फसतात. गाडी दिली, पैसे घेतले म्हणजे विक्री झाली असं नाही. फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या करून, मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून दलालाच्या हातात देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या खटल्यात गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवरच्या पहिल्या मालकावर आली. तेव्हा गाडी देताना तारीख आणि वेळ घातलेली पावती, घेणाऱ्याच्या आधारची प्रत, आणि नाव बदललं का ते ऑनलाइन तपासणं, हे तिन्ही करा. आमचं नाव वीस दिवसांत बदललं.

हिशोब असा. साठ हजार आले. पत्र्याचं काम, बॅटरी, नंबरप्लेट आणि बाकी किडूक-मिडूक मिळून साडेसात हजार गेले. दलाली वाचली. यंदा 25 डिसेंबरला महाडला भाड्याच्या गाडीने गेलो, माणशी सहाशे पडले आणि तीन बायका त्यामुळे आल्या नाहीत. म्हणून उरलेल्या पैशांतले पंचवीस हजार मी वाडीच्या पुढच्या गाडीसाठी ठेवले आहेत. मुंबईकरांनीही वर्गणीची तयारी दाखवली आहे. गाडी मंडळाच्या नावावर घ्यायची की एखाद्या माणसाच्या, यावर दोन मीटिंगा झाल्या, एकमत नाही. पत्त्यावर मात्र मतभेद नाहीत. आरसीवर बौद्धवाडी, मु. पो. वेळणेश्वर, ता. गुहागर असंच लिहायचं ठरलं आहे.

जय भीम.